शाळेत काय घालून जाऊ? – स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेची तयारी आणि कृत्रिम स्तनाची निवड: एक प्रकरण अभ्यास

स्तनाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या विभागात मी नर्स म्हणून काम करते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर बायकांशी बोलणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्या संमतीने ती लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विभागात आम्ही त्यांना ताई म्हणत असू, इथेही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

ताईंचं वय ५२. त्या बालवाडी चालवतात. दिवसभर वाकणं, जमिनीवर बसणं, उठणं, रडणाऱ्या मुलाला उचलणं असं त्यांचं काम. अंगाने भरलेल्या, स्तनही मोठे. काही वर्षांपासून मधुमेह. उजवा खांदा एकदा आखडून गेलेला. तो बरा झाला, पण हात पूर्ण वर जात नसे.

उजव्या स्तनातली गाठ आंघोळीच्या वेळी त्यांच्याच हाताला लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायॉप्सी झाली. गाठी दोन निघाल्या, त्याही स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत, आणि त्यांच्या मधल्या जागेत कॅल्शियमचे संशयास्पद कण दूरवर पसरलेले होते.

स्तन न काढता फक्त गाठ काढणं आणि नंतर रेडिएशन देणं हा आता पहिला विचार असतो. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटांनी रुग्णांचा २० वर्षं पाठपुरावा केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी दाखवलं की, योग्य रुग्णांमध्ये स्तन राखला काय किंवा पूर्ण काढला काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही. ताईंनीही सर्जनना हेच विचारलं होतं. पण रोग इतक्या भागात पसरलेला असताना तो पूर्ण निघाल्याची खात्री देता येईल असं स्तन राखून जमणार नव्हतं. म्हणून मास्टेक्टॉमी, म्हणजे संपूर्ण स्तन काढायचा असं ठरलं. काखेतली एक ग्रंथीही बायॉप्सीत बाधित निघाली होती, त्यामुळे काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागणार होत्या. नंतर केमो आणि बहुधा रेडिएशनही लागेल, हे सर्जननी आधीच सांगून ठेवलं.

प्रश्न काय होता

सर्जनशी बोलणं संपल्यावर ताई आणि त्यांची मुलगी माझ्याकडे आल्या. रक्ततपासण्यांचे कागद, संमतीपत्र, भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेळ असं सगळं झालं. उठता उठता ताई म्हणाल्या, "सिस्टर, मी शाळेत काय घालून जाऊ?"

मुलीला ते खटकलं. "आई, आधी जीव महत्त्वाचा. कपड्यांचं नंतर बघू."

मुलीची काळजी खरी होती. पण हा प्रश्न नंतरचा नाही, असं माझं ठाम मत आहे. व्रण कुठून कुठे जाणार, कडेला कातडीची घडी राहणार का, रेडिएशन होणार का, खांदा किती हलतो, या सगळ्यावर पुढे अंगावर काय बसेल आणि काय टोचेल हे ठरतं. यातल्या निम्म्या गोष्टी ऑपरेशनच्या टेबलावर ठरतात. शुद्धीवर आल्यावर विचारून उपयोग नसतो.

मी त्यांना परत बसवलं आणि शाळेतला एक दिवस सांगायला लावला. तीन अडचणी पुढे आल्या. मुलं धावत येऊन छातीला बिलगतात. जखमेवर आदळली तर? आणि आत काही घातलेलं असलं तर ते हलणार नाही ना? दुसरं, दिवसातून असंख्य वेळा वाकावं लागतं. गळ्यातून दिसलं किंवा पुढे लोंबलं तर? तिसरी अडचण त्यांनी जरा थांबून सांगितली. एका बाजूला मोठा स्तन आणि दुसरीकडे काहीच नाही, अशा अवस्थेत आधीच दुखणारी मान आणि खांदा किती दिवस टिकतील?

मी या तिन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या. पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी तोच कागद काढत गेलो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्याच शस्त्रक्रियेत स्तनाची पुनर्रचना करण्याचा. ती दोन मुख्य प्रकारांनी होते: सिलिकॉनचा इम्प्लांट बसवून किंवा पोटाची वा पाठीची स्वतःचीच ऊती वापरून. दुसरा पर्याय तीच पुनर्रचना उपचार संपल्यावर करण्याचा. तिसरा, शस्त्रक्रिया न वाढवता बाहेरून घालायचा कृत्रिम स्तन, म्हणजे प्रोस्थेसिस. चौथा, काहीही न घालता सपाट छातीने राहणं.

लगेचच्या पुनर्रचनेबद्दल प्लास्टिक सर्जननी मोकळेपणाने सांगितलं. रेडिएशन मिळालेल्या भागात इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. मधुमेह आणि वजन यांमुळे जखम भरायला वेळ लागू शकतो, आणि जखम रेंगाळली तर केमो लांबते. त्यांनी नकार दिला नाही, धोके पुढे ठेवले. ताईंनी दोन दिवस घेतले आणि म्हणाल्या, "आत्ता नको. पण दार बंद करू नका." म्हणजे दुसरा पर्याय पुढे खुला ठेवून तिसऱ्याची तयारी करायची होती.

चौथ्या पर्यायावर मी मुद्दाम थांबले, कारण तो बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही. अमेरिकेत १९५२ मध्ये टेरेसे लॅसर यांनी 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रिया रुग्णालयात जाऊन नव्या रुग्णांना भेटायच्या, हाताचे व्यायाम शिकवायच्या, तात्पुरता कृत्रिम स्तन द्यायच्या. त्या काळात हे फार मोठं काम होतं. पण पुढे कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९७८ च्या आपल्या मास्टेक्टॉमीनंतर कृत्रिम स्तन घालायला नकार दिला आणि त्यावर उघडपणे लिहिलं. बाईने काही झालंच नाही असं दिसावं, ही अपेक्षा नेमकी कोणाच्या सोयीची, हा त्यांचा सवाल होता. मला दोन्ही बाजू पटतात. हवं तिला उत्तम मिळावं आणि नको तिच्यामागे कोणी लागू नये. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात मी तशीच राहीन. शाळेत मला घालायचंय, मुलांसाठी नाही, माझ्या खांद्यासाठी." पुढे हेच वाक्य फार कामाला आलं.

पहिला निर्णय: व्रण कसा असावा

ताईंसारख्या अंगाने भरलेल्या स्त्रियांमध्ये स्तन काढल्यावर काखेच्या बाजूला कातडी आणि चरबीची घडी उरण्याची शक्यता जास्त असते. ब्राचा पट्टा नेमका तिथूनच जातो. घडी घासते, घामाने ओली राहते, आणि बाजूने फुगवटा दिसतो तो वेगळाच. पुनर्रचना न करता छाती सपाट आणि नीट बंद करण्याला इंग्रजीत 'एस्थेटिक फ्लॅट क्लोजर' म्हणतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये आपल्या शब्दकोशात हा शब्द घेतला. त्यामुळे ही वेगळी, सांगून मागण्याजोगी गोष्ट आहे हे अनेकींना कळलं.

पुढच्या भेटीत ताईंनी सर्जनना दोन गोष्टी विचारल्या: कडेला घडी राहू नये म्हणून काय करता येईल, आणि वाकल्यावर गळ्यातून व्रण दिसेल का. सर्जननी छातीवर पेनाने रेघा आखून दाखवल्या. व्रण खालच्या बाजूला ठेवता येईल, पण कडेची घडी काढायची तर तो काखेखालून थोडा मागे न्यावा लागेल. लांब व्रण किंवा घडी, यातलं एक स्वीकारायचं होतं. लांब व्रण ब्राच्या पट्ट्याखाली येणार होता, म्हणजे सुरुवातीचे काही महिने मऊ आणि रुंद पट्टाच चालणार होता. ताईंनी लांब व्रण घेतला. संमतीपत्रासोबतच्या नोंदीत सर्जननी तसं लिहूनही घेतलं. असं लिहून घ्यायला रुग्णाने संकोचू नये.

दुसरा निर्णय: तयारी कोणत्या क्रमाने

हातात साधारण दोन आठवडे होते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषधं बदलून साखर आटोक्यात आणली. जखम भरण्याच्या दृष्टीने ही सगळ्यांत मोठी तयारी होती. घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी भूलतज्ज्ञांकडे गेली. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची गोळी, काढे, जीवनसत्त्वं, काही म्हणजे काही वगळायचं नाही. कोणतं कधी थांबवायचं हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. धूम्रपान करणाऱ्यांना आम्ही ते लगेच सोडायला सांगतो, ताईंना तो प्रश्न नव्हता.

फिजिओथेरपिस्टने दोन्ही हातांचा घेर ठरावीक अंतरांवर मोजून लिहिला आणि खांदा किती वर जातो तेही नोंदवलं. शस्त्रक्रियेआधीचं हे मोजमाप अनेक ठिकाणी राहून जातं. नंतर हाताला सूज आली का हे कळायला तेच लागतं. शिवाय रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन स्थिर झोपावं लागतं. ताईंचा खांदा तेवढा जात नव्हता, म्हणून व्यायाम शस्त्रक्रियेआधीच सुरू झाले.

कपड्यांबाबत सूचना थोड्या होत्या. पुढे पूर्ण उघडणारे, एक माप मोठे, मऊ सुती कपडे. डोक्यावरून घालायचं काहीच नको, कारण पहिले काही दिवस हात तेवढा वर नेता येत नाही. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली ठेवायला आतून खिसा असलेली पुढे उघडणारी सैल बंडी; तशी नसेल तर घरच्याच कपड्याला आतून दोन कापडी खिसे शिवून घ्यायचे. काखेत धरायला छोटी मऊ उशी, जी गाडीत पट्टा आणि छाती यांच्या मध्येही ठेवता येते. शस्त्रक्रियेच्या दिवशी दागिने नकोत. नखांना रंग नको, कारण बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला प्राणवायू पाहतात. अंगाला पावडर, क्रीम, डिओडोरंट काही नको. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत; बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आणि एक गोष्ट करायची नव्हती: ब्रा आणि कृत्रिम स्तन आत्ताच विकत घ्यायचा नाही. पण मुलीने काळजीपोटी कृत्रिम स्तन ठेवायला आत खिसा असलेल्या तीन ब्रा आईच्या जुन्या मापाच्या मागवून टाकल्या होत्या. मी तेव्हा इतकंच म्हटलं की, पिशवी उघडू नका, परत देता येतील अशा ठेवा.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे आठवडे

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. ताई दोन ड्रेन घेऊन घरी गेल्या. नळी वरून खाली हलकेच निपटायची, बाटलीतलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजायचं, रंग पाहायचा आणि वहीत लिहायचं, हे काम मुलीने घेतलं. सलग दोन दिवस चोवीस तासांत सुमारे ३० मिलिलिटरपेक्षा कमी आलं की ड्रेन काढतात. एक लवकर निघाला, काखेतला दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर व्रणाखाली पाणी साठून फुगवटा आला. त्याला सिरोमा म्हणतात, आणि काखेतल्या ग्रंथी काढल्यावर तो बऱ्याच जणींना होतो. बाह्यरुग्ण विभागात सुईने पाणी काढलं. तो भाग बधिर असल्यामुळे सुई जवळजवळ कळलीच नाही.

या बधिरपणाबद्दल आधी सांगितलेलं बरं असतं. काखेतून जाणारी एक चेता (संवेदना नेणारा मज्जातंतू) शस्त्रक्रियेत ताणली किंवा कापली जाते आणि दंडाचा आतला भाग बधिर होतो. पुढे कपडे निवडताना याचा थेट संबंध येतो: बधिर कातडीला शिवण टोचते आहे, पट्टा रुततो आहे हे कळत नाही. म्हणून ताईंना रोज रात्री आरशात पाहून लाल वळ शोधायला सांगितलं होतं.

आरशात पाहणं त्यांना जड गेलं. पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा त्या छताकडे बघत राहिल्या. मी घाई केली नाही. पुढच्या वेळी त्यांनी आधी हाताने चाचपलं, मग पाहिलं. यजमान बाहेर बसले होते. त्यांना आत बोलवायचं का, हे मी विचारलं आणि ताईंनी होकारार्थी मान हलवली. ते आत आले आणि त्यांनी काही न बोलता ड्रेनची वही मागून घेतली. त्या दिवसापासून मोजमापाचं काम त्यांच्याकडे गेलं.

मुलीने मागवलेल्या ब्रा एकही बसली नाही. सूज होती, सिरोमा होता, छातीचा घेर वाढला होता, आणि पट्टा नेमका कोवळ्या व्रणावर येत होता. त्या परत गेल्या.

तिसरा निर्णय: तात्पुरता आकार

टाके भरल्यावर, सर्जनच्या परवानगीने, कापसासारख्या तंतूंनी भरलेला हलका तात्पुरता आकार आला. जखमेवर वजन पडत नाही, घाम शोषला जातो, धुता येतो. साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी वजनदार सिलिकॉनच्या प्रोस्थेसिसचं माप घेतात. तोवर असंच काही वापरायचं असतं. विणलेल्या सुती आकारांचाही चांगला पर्याय आहे. 'निटेड नॉकर्स' नावाचं स्वयंसेवकांचं जाळं ते विणून मोफत देतं.

ताईंची अडचण वेगळी होती. तंतूंचा आकार इतका हलका की उरलेल्या मोठ्या स्तनासमोर तो ब्रामध्ये वर चढत राहायचा. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू गळ्याशी, डावी खाली. आकाराची मागची शिवण उसवून आतले तंतू थोडे काढले आणि खालच्या बाजूला गोल कडांची छोटी कापडी वजनं घातली. शिवाय मागचं कापड ब्राच्या खिशाला दोन टाके घालून अडकवलं. सेफ्टी पिन टाळली, कारण बधिर कातडीला टोचलेली पिन कळणार नाही. धान्य भरण्याची सूचना जावेने केली होती. वजन मिळतं हे खरं, पण घामाने धान्य ओलं होतं, बुरशी येते, आणि केमो चालू असताना ती जोखीम नको होती.

मग मोठा निर्णय आला: सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आठ आठवड्यांनी घ्यायचा की केमो आणि रेडिएशन संपेपर्यंत थांबायचं? लवकर घेण्याच्या बाजूने मान आणि खांदा होता. थांबण्याच्या बाजूने तीन कारणं होती. केमोसोबतच्या स्टेरॉइडमुळे वजन बदलतं, म्हणजे उरलेल्या स्तनाचं मापही बदलतं. रेडिएशनमध्ये कातडी लाल, कोरडी, कधी ओली होते आणि त्यावर सिलिकॉन सहन होत नाही. रेडिएशन संपल्यावरही ही प्रतिक्रिया एक-दोन आठवडे वाढत जाऊन मग ओसरते. ताईंनी थांबायचं ठरवलं आणि शाळेत अर्धा वेळ जायला लागल्या. रेडिएशनच्या काळात ब्रा पूर्ण बंद, फक्त सैल सुती बंडी. त्या आठवड्यांत त्या शाळेतही सपाट छातीने गेल्या. "एका मुलाने विचारलं, तुमचं दुखतंय का. मी म्हटलं, थोडं. तो म्हणाला, मग मी हळू मिठी मारतो." हे त्यांनी मला फोनवर सांगितलं.

चौथा निर्णय: कायमचा कृत्रिम स्तन

कातडी पूर्ण बरी झाल्यावर माप घ्यायला गेलो. आधी ब्रा ठरते, मग प्रोस्थेसिस. ब्राचं माप चुकलं तर उत्तम प्रोस्थेसिसही जागेवर राहत नाही. खालचा पट्टा मागे-पुढे आडव्या एका रेषेत, मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला, काखेच्या बाजूला आणि गळ्याशी कापड उंच, खांद्यावरचे पट्टे रुंद, तार नाही. आत सुती कापडाचा खिसा. खिसा वेगळ्या ब्राला शिवूनही घेता येतो.

मग आकार. काही त्रिकोणी आणि दोन्ही बाजूंना चालणारे असतात, काही थेंबासारखे, काही फक्त उजव्या किंवा डाव्या बाजूचे, ज्यांचा एक भाग काखेकडे लांबतो. ही उजव्या-डाव्याची कल्पना मागे फारशी नव्हती. बार्बी बाहुलीच्या निर्मात्या रूथ हँडलर यांची १९७० मध्ये मास्टेक्टॉमी झाली. मिळणाऱ्या कृत्रिम स्तनांनी त्या वैतागल्या आणि पेटन मॅसी यांच्यासोबत उजवा-डावा वेगळा असलेले कृत्रिम स्तन बनवून १९७६ मध्ये 'निअरली मी' ही कंपनी काढली. ताईंच्या काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे तिथे खळगा होता, म्हणून काखेकडे लांबणारा उजवा आकारच योग्य होता.

खरा वाद वजनावर झाला. सोबत आलेल्या जाऊबाईंचा आग्रह होता की पूर्वीसारखाच, पूर्ण वजनाचा घ्या. समतोल साधायचा तर वजन सारखंच हवं. तर्क चुकीचा नव्हता. ताईंनी तो घालून आरशात पाहिलं. डाव्या-उजव्यात तसूभर फरक नव्हता. मी त्यांना तसंच अर्धा तास राहायला सांगितलं आणि मग शाळेतल्यासारखं वाकायला, खाली बसायला, जमिनीवरचं काही उचलायला. अर्ध्या तासात उजव्या खांद्यावर पट्ट्याची लाल खूण उमटली आणि वाकताना आतला भार पुढे आला, ब्राचा पट्टा मागून वर सरकला.

मग हलक्या सिलिकॉनचा पाहिला. आतलं सिलिकॉन फेटून हलकं केलेलं असतं, त्यामुळे तो नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा साधारण २० ते ४० टक्के हलका असतो. दिसायला तोच, वजन कमी. वाकल्यावर तो जवळजवळ जागेवर राहिला. कातडीला चिकटणारा प्रकारही होता, ज्यात भार ब्राऐवजी छातीवर येतो, पण रेडिएशन झालेल्या कातडीवर त्याचा विचार इतक्यात नको असं सर्जननी सांगितलं होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, पण इतका खर्च करून कमीच का घ्यायचा?" ताईंनी पर्समधून तो कागद काढला. "मी हा खांद्यासाठी घेतेय," एवढंच म्हणाल्या आणि हलका निवडला.

रोजच्या निगेच्या सूचना तिथेच समजून घेतल्या. दिवसाअखेर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायचा, टिपून कोरडा करायचा, त्याच्याच आकाराच्या पेटीत ठेवायचा म्हणजे घडी पडत नाही. टाचण्या, ब्रोच, मांजराची नखं यांपासून जपायचं. पोहायला तो वापरायचा नाही. पाण्यासाठी वेगळे प्रकार मिळतात. सकाळी घालताना गार लागतो, थोड्या वेळात अंगाच्या उष्णतेला येतो. असे कृत्रिम स्तन साधारण दोन ते पाच वर्षं टिकतात, आणि चीर पडली तर चिकटपट्टी लावून चालवायचं नाही.

परिणाम

शाळेच्या पूर्ण वेळेवर ताई पुन्हा रुजू झाल्या. शाळेत प्रोस्थेसिस, घरी काही नाही, अशी त्यांची वाटणी कायम राहिली. मुलांच्या मिठ्यांचा प्रश्न खिशाच्या ब्राने सुटला. वाकल्यावर गळ्याशी येणारी पोकळी ब्राच्या आतल्या वरच्या काठाला मऊ कापडाची पट्टी शिवून भरली गेली. व्रण पुढून दिसत नाही. कडेची घडी जवळजवळ नाहीशी झाली, थोडी मागे उरली आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काही महिन्यांनी उजव्या हातात जडपणा आला. शस्त्रक्रियेआधीचं मोजमाप होतं म्हणून घेर वाढल्याचं लगेच कळलं: लिंफोडिमा, म्हणजे लसिका द्रव साचून हाताला येणारी सूज, सुरुवातीचा. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढल्यावर साधारण पाचांपैकी एकीला हा होतो. दाब देणारी बाही, व्यायाम, कातडीची निगा सुरू झाली आणि सूज वाढली नाही. त्या निमित्ताने ब्राही तपासली. उजवा पट्टा घट्ट ओढलेला होता. तो सैल केला, खाली मऊ गादी लावली आणि पुढच्या खेपेला आणखी रुंद पट्ट्याची ब्रा घेतली. वर्षभरात वजन उतरलं, डावा स्तन लहान झाला आणि प्रोस्थेसिस मोठा दिसू लागला, म्हणून पुन्हा माप घ्यावं लागलं. पुनर्रचनेचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही. डावा स्तन लहान करून घेण्याबद्दल मात्र त्यांनी स्वतःहून प्लास्टिक सर्जनची वेळ मागितली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

कपड्यांचा प्रश्न ताईंनी विचारला म्हणून निघाला. न विचारणाऱ्या बाईपर्यंत तो पोचायला हवा असेल तर शस्त्रक्रियेआधीच्या भेटीच्या कागदावरच तो छापलेला असावा: काम काय करता, कशी झोपता, वाकावं लागतं का, घरी आणि बाहेर वेगळं चालेल का, सपाट राहायचं आहे का. व्रणाचे आणि प्रोस्थेसिसचे नमुने त्याच भेटीत हातात द्यावेत. ताईंनी सिलिकॉनचा आकार पहिल्यांदा हातात धरला तेव्हा सगळे उपचार संपलेले होते. आधी धरला असता तर इतके महिने त्याच्या वजनाची भीती बाळगावी लागली नसती.

मुलीच्या हातात दोन आठवडे काहीतरी करण्याची निकड होती आणि तिला करण्याजोगं नेमकं काम दिलेलं नव्हतं, म्हणून ब्रा आल्या. खिसे शिवणं, उशी करणं, ड्रेनची वही आखणं ही कामं तिला पहिल्याच दिवशी सोपवायला हवी होती. यजमानांनाही पहिल्या भेटीपासून आत बसवता आलं असतं. त्यांना काय करायचं हे कळेपर्यंत ते बाहेरच होते.

थांबण्याच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून दोन मतं आहेत. रेडिएशनपर्यंत सिलिकॉन न घेणं कातडीच्या दृष्टीने बरोबर होतं. पण केमोच्या महिन्यांत, कातडी चांगली असताना, एखादा मध्यम वजनाचा आकार थोड्या काळासाठी वापरून पाहता आला असता का? ताईंची मान त्या काळात खरोखर दुखत होती. आता मोठे स्तन असलेल्या आणि आधीपासून खांदा दुखणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आम्ही केमोच्या दुसऱ्या टप्प्यातच फिजिओथेरपिस्टसोबत हा प्रश्न उघडतो आणि वापरून पाहण्यासाठी दोन वेगवेगळ्या वजनांचे आकार विभागात ठेवतो.